तळ्यापलीकडचं बोलणं

धम्मपाल शिंगे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा आधी त्यांचा आवाज आला आणि मागून ते आले. "कपाट आडवं धरा की!" असं ते जिन्यात सामान चढवणाऱ्या पोरांना म्हणाले. ते खाली चौकातल्या रिक्षावाल्यानंही ऐकलं आणि त्यानं उगीचच रिक्षा आडवी घेतली.

पुढं सवय झाली. सकाळी वरून "चहा झाला काय?" असं यायचं आणि आमची मंडळी खालून "झाला, या!" म्हणून मोकळी व्हायची. माणूस रागीट अजिबात नव्हता. उभी हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेलेली, त्याचा हा आवाज. एका छपराखाली माग सुरू झाले की शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी कळत नाही. त्यामुळं तिथली माणसं जवळच्याशी ओरडून बोलतात आणि लांबच्याशी नुसते ओठ हलवून. समोरचा ते ओठ वाचतो, तोही ओठांनीच उत्तर देतो, आणि दोघांचे हात कामावरच असतात.

त्यांच्या पत्नी शालनवहिनी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होत्या. त्यांचं लग्न तिथंच जमलं. मागांच्या चार ओळी मध्ये, पलीकडं त्या, अलीकडं हे. धम्मपालरावांनी धीर करून ओठ हलवले, "माझ्याशी लगीन करतीस काय?" वहिनींनी हातातली कांडी पुरी भरली, मग तोंड वर करून तसंच आवाज न करता सांगितलं, "घरी येऊन इचार." दोघांना वाटलं, कुणाला कळलं नाही. दुपारी चहाच्या सुट्टीत सगळा कारखाना पेढे मागायला उभा! ओठ काय त्या दोघांनाच वाचता येत होते? तोंडाला पदर लावून बोलायचं असतं हे वहिनींना माहीत होतं, पण पुरुषाला पदर कुठला आणायचा?

माग भंगारात गेल्यावर त्यांची एकुलती मुलगी पूर्णिमा त्यांना कोल्हापूरला घेऊन आली. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पोरगी हुशार, बोलायला मृदू. आईबापाच्या वाट्याचं मृदूपण सगळं तिलाच मिळालं होतं. पण त्यांच्याही वरच्या मजल्यावरच्या पोराच्या ऑनलाइन क्लासमध्ये बाईंनी "कोण ओरडतंय तिकडं?" असं दोनदा विचारल्यावर तिनं वडलांना सांगितलं, "बाबा, रोज बागेत जात जा. तिथं छप्पर नाही."

इकडं माझा गुडघा धरला होता आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. म्हणून ती दोघं आणि मी असे आम्ही तिघं जाऊ लागलो.

बागेत नुसतं बसायला म्हणून धम्मपालराव जन्मात गेले नव्हते. पहिल्या दिवशी महावीर गार्डनमध्ये ते मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, पाळीचा भोंगा व्हायची वाट बघावी तसे बाकावर ताठ बसले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "भाऊ, आता काय करायचं असतंय?"

"काही नाही. बसायचं."

"किती येळ?"

"पाहिजे तेवढा."

ते काळजीतच पडले. पण आठवड्याभरात एका संध्याकाळी एकदम फिसकन हसले. लांब हिरवळीपलीकडं निळ्या शर्टातला एक माणूस मित्राशी बोलत उभा होता. आम्हाला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं.

"त्यो सांगाय लागलाय, सासूनं धाडलेलं लोणचं त्यानं टाकून दिलं आनि बायकोला सांगितलं, मांजरानं खाल्लं," धम्मपालराव म्हणाले. "ती इचारत हुती म्हणं, बरणीचं टोपण मांजरानं परत लावलं काय?"

शालनवहिनी त्याच दिशेला बघत होत्या. त्यांनीही मान डोलावली. तेवढ्यात तो निळा शर्टवाला दचकून आमच्याकडं बघायला लागला, कारण धम्मपालरावांनी हे मला हळू आवाजात सांगितलं होतं, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू गेलं होतं.

मग वहिनींनी नियम घातला, बागेतलं बागेतच ठेवायचं, आणि मोठ्यानं सांगायचं नाही. सांगायचंच असेल तर ओठांनी. तेव्हापासून ही दोघं मुद्दाम समोरासमोरच्या बाकांवर बसू लागली. मध्ये फुलांचे वाफे, आणि दोन्हीकडून नुसते ओठ हलतायत, हसू येतंय, मधूनच वहिनी डोळे वटारतायत. माळीमामांना वाटायचं, नवराबायकोचं भांडण होऊन बोलणं बंद झालंय. एकदा त्यांनी समजूत घालायलाही बघितली.

मी म्हणालो, "धम्मपालराव, दुसऱ्याचं बोलणं असं वाचणं बरं नव्हे."

"भाऊ, तुमी कान झाकून फिरता काय?" ते म्हणाले. खरं तर त्या लोणच्याचं पुढं काय झालं ते मलाही हवंच होतं.

पुढं नाद लागला. कोल्हापुरातली एकही बाग आम्ही सोडली नाही. लोक बागेत झाडं बघतात, फुलं बघतात. यांची परीक्षा निराळी. "रंकाळ्यावर मजा न्हाय. सगळी पाण्याकडं तोंड करून बसत्यात, नुसत्या पाठी दिसत्यात." टाऊन हॉलच्या बागेबद्दल तक्रार अशी की झाडं फार जुनी आणि दाट, सावलीत तोंडं दिसत नाहीत. हुतात्मा पार्कात पळणारे जास्त, आणि पळणारा माणूस बोलत नाही, धापा टाकतो. सगळ्यात चांगलं आपलं महावीर गार्डन. ऊन तिरपं, हिरवळ मोकळी.

तिथंच ते घडलं.

त्या शनिवारी आम्ही रंकाळ्याला जाणार म्हणून घरी सांगून निघालो होतो. वाटेत बेत बदलला. गार्डनमध्ये शिरून बसलो न बसलो तोच वहिनींनी नवऱ्याची बाही ओढली. "आवं, तिकडं बघू नका." असं म्हटल्यावर न बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

पलीकडं झाडाखाली पूर्णिमा बसली होती. शेजारी एक उंच, सावळा तरुण, आणि दोघांच्या मध्ये भडंगाची पुडी. आईबापांना ओठ वाचता येतात हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिची कितीतरी गुपितं त्यापायी फुटली होती. पण आता वयं झाली, बाबांना चष्मा लागला, एवढ्या लांबचं काय दिसतंय, असं तिनं धरलं असावं. चष्म्यानं लांबचं उलट जास्त स्वच्छ दिसतं.

मला काही कळत नव्हतं. मी नवराबायकोची तोंडं बघत होतो. काय वाचलं ते मला नंतर सांगितलं.

तो म्हणाला, "घरी सांगितलंस?"

पूर्णिमा म्हणाली, "आईला सांगेन रे. बाबांना कसं सांगू? ते एकदा 'काय?' म्हणून ओरडले की सगळ्या बिल्डिंगला कळेल."

"माझं बी तसंच," तो म्हणाला. "आमच्यात आज्जी हाय."

आम्ही तिघं उठून मागच्या फाटकानं बाहेर पडलो. रस्त्यात शालनवहिनी एकदम थांबल्या. "ह्यो मातीवाला!" पूर्णिमानंच मागं घरी हसत सांगितलं होतं, शिरोळकडचा एक संग्राम नावाचा शेतकरी आहे, एकाच शेताची माती परत परत तपासायला आणतो. मातीत काही दोष नाही म्हटलं तरी आणतो.

धम्मपालराव काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवसांनी आमची मंडळी आल्याचा काढा घेऊन वर गेली, कारण सकाळी चहाची हाक आली नव्हती. त्या ऑनलाइन क्लासवाल्या पोरानं मला जिन्यात विचारलं, "आजोबा वारले काय?"

मी त्यांना बागेत गाठलं. "काय झालंय तुम्हाला?"

"तोंड उघडलं तर निघून जाईल," ते म्हणाले. "शालन म्हणतीया, पोरगी आपून होऊन सांगंल तवर गप ऱ्हायाचं. मला गुपित हळू आवाजात ठेवाय येत न्हाय. म्हणून बोलणंच बंद केलंय." पुढं म्हणाले, "भाऊ, पोरीला माझ्या आवाजाचं भ्या वाटतंय. मी तिला कवा रागं भरलो न्हाय."

वहिनींची काळजी वेगळी होती. "पोरगा चांगला असंल. पर आमी बौद्ध, ती शेतकरी माणसं. पोरीला घरात घेतील, का नुसतं उंबऱ्यावर ठिवतील?" त्या हे ओठांनी बोलल्या नाहीत, मला ऐकू येईल असं बोलल्या.

असा महिना गेल्यावर पूर्णिमानंच विषय काढला. म्हणाली, "आई, तुम्हाला बागा आवडतात. मालवणच्या अलीकडं खाडीकाठाला एक मोठी बाग झालीय. रविवारी जाऊया. माझा एक मित्र आणि त्याच्या घरचेही येणार आहेत. सहज."

"कोण मित्र?" धम्मपालरावांनी विचारलं. महिनाभर गप्प राहिलेल्या माणसानं केलेलं ते नाटक इतकं वाईट होतं की वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. आणि भाऊ बरोबर पाहिजेत असा धम्मपालरावांनी हट्टच धरला. मला म्हणाले, "मला आवराय कुणीतरी पायजे."

कोल्हापुरातून निघताना थंडीनं दात वाजत होते. फोंडा घाट उतरताना गाडीत एकेक स्वेटर निघू लागला, आणि खाडीकाठाला पोहोचलो तेव्हा हवा अशी, की ना ऊन लागावं ना गार. बाग सुंदरच होती. सुपारीच्या रांगा, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, जायफळाची झाडं, जास्वंदीच्या किती तऱ्हा. मधोमध कमळांचं तळं. दारातच पाटी होती, 'पक्ष्यांना त्रास होईल असा आवाज करू नये.' धम्मपालरावांनी ती पाटी आपलंच नाव लिहिल्यासारखी दोनदा वाचली.

संग्रामचे आईवडील आधीच आले होते. वडील जयसिंगराव म्हणजे हत्तीसारखा माणूस, मिशा अशा की लिंबू ठेवावं. आई तानाबाई बुटक्या, चपळ, आणि बोलायला आमच्या धम्मपालरावांच्या खालोखाल.

"राम राम," जयसिंगराव म्हणाले.

"जय भीम," धम्मपालराव म्हणाले, पण इतकं हळू, की जयसिंगरावांनी पुढं वाकून "आँ?" केलं. ठरवूनच आले होते ते. पोरीला लाज आणायची नाही. जेवताना तानाबाईंनी विचारलं, "पावणं, परवास सोसला न्हव?" तर ह्यांचे ओठ हलले, आवाज नाही. उसाला भाव काय म्हणून त्यांनी चौकशी केली, तीही कुणाला ऐकू गेली नाही.

"पावण्यांचा घसा बसलाय काय?" तानाबाई वहिनींना म्हणाल्या. "कोकम सरबत द्या की त्यास्नी."

पूर्णिमा बापाकडं संशयानं बघत होती.

जेवणानंतर सगळे पांगले. पूर्णिमा आणि संग्राम तळ्यावरच्या पुलावर उभी राहिली. जयसिंगराव आणि तानाबाई तळ्याच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसले, आम्ही तिघं अलीकडच्या. तळं चांगलं रुंद होतं. पलीकडं त्या दोघांचं काही कुजबुजत बोलणं चाललं होतं आणि आम्हाला ऐकू येत होतं ते फक्त एका खंड्याचं ओरडणं. मी सहज शेजारी बघितलं, तर धम्मपालराव पुतळ्यासारखे.

"आवं, बघू नका," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरातलं हाय." आणि त्यांनी स्वतःची मान वळवून जास्वंदीकडं केली. ह्यांनी केली नाही.

पलीकडं चाललं होतं ते असं. जयसिंगराव म्हणत होते, "पोरगी चांगली हाय. माणसंबी चांगली हाईत."

"मग अडलंय कुठं?"

"भावकी बोलंल."

"भावकी काय, आपण ट्रॅक्टर घेतला तवाबी बोलली. तुमचं सांगा."

"माझं काय न्हाय गं. पर आईला कोण सांगणार? तिच्याम्होरं हुबं ऱ्हाऊन ह्ये बोलायचं माझ्यात धाडस न्हाय."

"मी येतो की संगं!"

हे शेवटचं वाक्य धम्मपालरावांचं होतं. तळ्याच्या अलीकडून. महिनाभर साठवलेल्या सगळ्या आवाजात. पाणकोंबड्या फडफडत उठल्या, खंड्या उडाला, पुलावरची पोरं जिथल्या तिथं थिजली, आणि लांबून एक रखवालदार धावत आला.

जयसिंगराव बाकावरून उभेच राहिले. "हितनं तितं ऐकू गेलं?"

"ऐकू न्हाय," धम्मपालराव कसंबसं म्हणाले. "दिसलं."

मग सगळं सांगावंच लागलं. कारखाना, माग, ओठ. तानाबाईंचा विश्वास बसेना. त्या तरातरा तळ्याच्या पार टोकाला गेल्या आणि आवाज न करता ओठ हलवले. "माशाच्या कालवणात मीठ कमी हुतं," धम्मपालरावांनी ओरडून सांगितलं. तानाबाई खाली बसून हसायला लागल्या. जयसिंगरावांनी मात्र त्यानंतर दिवसभर मिशांवर हात ठेवूनच बोलणं केलं.

पूर्णिमा हसली नाही. ती आईजवळ आली. "महावीर गार्डनला पण?"

वहिनींनी मान डोलावली.

"भडंग?"

"व्हय. भडंगबी."

ती तडक चालत गेली आणि जायफळाच्या झाडाखाली आमच्याकडं पाठ करून बसली. बाप मागोमाग गेला. चार हात लांबच थांबला.

"पूर्णे," ते पुटपुटले.

"आता हळू बोलू नका. ऐकू येत नाही," ती पाठमोरीच म्हणाली.

"मग कसं बोलू?"

"नेहमीसारखं."

"मग नेहमीसारखं सांगतो. पोरगा मला पसंत हाय!" पुलावर संग्राम लाल झाला. रखवालदारानं कपाळाला हात लावला. "एवढं दीस नुसतं वाचलंय गं. तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं, म्हणून गप बसलो."

पूर्णिमा वळली. डोळे पुसत म्हणाली, "सांगते मग. ऐका. तो संग्राम. मला त्याच्याशी लग्न करायचंय."

"काय?" धम्मपालराव सवयीनं ओरडले, आणि मग ती हसली.

परत निघताना जयसिंगरावांनी मिशांवर हात धरून विचारलं, "पावणं, खरंच येशीला?"

"बोललो न्हवं?"

ते दोघं शिरोळकडं गेले. मी बरोबर नव्हतो, पण दोन्ही बापांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं जुळतं. धोंडुबाई, म्हणजे जयसिंगरावांची आई, गोठ्याच्या पुढ्यात हरभरा सोलत बसली होती. धम्मपालराव पुढं, जयसिंगराव मागं.

"जयसिंगा, पावण्याच्या म्हागं का लपलाईस?" म्हातारी म्हणाली.

धम्मपालरावांनी एका दमात सांगितलं. "आजी, मी धम्मपाल. आमी बौद्ध. माझी पोरगी आनि तुमचा नातू लगीन करायचं म्हणत्यात. तुमास्नी इचाराय आलोय."

"वरडतोस कशाला? मी काय भैरी न्हाय."

"मला हळू येत न्हाय."

"मग ह्येला शिकव की थोडं. एवढा थोराड झाला, माझ्याम्होरं तोंड फुटत न्हाय." तिनं आणखी चार घाटे सोलले. "मला ह्ये पटत न्हाय. पटलं असं खोटं बोलणार न्हाय. पर पोरं माझ्यासाठनं थांबायची न्हाईत, तेबी मला कळतंय. च्या घिऊन जा."

तानाबाईंनी चहा आणला तो सोनेरी काठाच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांत. म्हातारीनं कपांकडं बघितलं, तानाबाईंकडं बघितलं आणि पुन्हा हरभऱ्यात लक्ष घातलं. धम्मपालराव मला हे सांगताना त्या कपांवर दोनदा आले.

लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. धोंडुबाई आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. त्याच दिवशी ती शेताच्या बांधापर्यंत चालत जाऊन आली, हे तानाबाईंनी सांगितलं. पूर्णिमा सासरी गेल्यावर म्हातारी तिच्याशी फारसं बोलत नसे, पण ती कामावरून यायला उशीर झाला की दारात येऊन उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, म्हशीची वाट बघतोय.

परवा धोंडुबाई डोळे दाखवायला कोल्हापूरला आली. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर म्हणाली, "ती बाग दावा. जितं ह्ये सगळं झालं."

तेव्हा सगळेच महावीर गार्डनमध्ये जमलो. म्हातारीनं काठी टेकून हिरवळ नीट बघितली. "एवढं रान, आनि नुसतं गवात? ऊस न्हाय तर न्हाय, मेथी तरी टाकायची." मग दोन पावलं पुढं गेली आणि एकदम वाकली. "आगं बया, लव्हाळा!" लव्हाळा म्हणजे शेतकऱ्याचा जुना वैरी. वरून गवतासारखा दिसतो, खाली जमिनीत गाठ. पदर खोचून ती सरळ हिरवळीवर बसली आणि उपटायला लागली.

रखवालदारानं शिट्टी मारली.

"शिट्टी कुणाला मारतोस?" धोंडुबाई म्हणाली. "हिकडं ये. ह्यो कोपरा तू धर."

तो आमच्याकडं बघायला लागला. धम्मपालराव त्याला काय सांगणार? ते स्वतःच वाकून गवत निरखत होते. जयसिंगराव तर केव्हाच बसले होते. आईनं सांगायची वाट त्यांनी बघितली नव्हती. पूर्णिमानं ओढणी कमरेला बांधली आणि म्हातारीच्या शेजारी बसून एक पान धरून ओढलं. ते वरच्यावर तुटून आलं.

"तसं न्हाय. तुटलं की दुप्पट येतंय. खालची गाठ निघाली पायजे," धोंडुबाई म्हणाली. तिनं तानाबाईंच्या पिशवीतल्या डब्यातून चमचा काढून नातसुनेच्या हातात दिला. पूर्णिमानं माती हळूहळू उकरली आणि काळी, हरभऱ्याएवढी गाठ तळहातावर धरून पुढं केली. म्हातारीनं तो हात आपल्या डोळ्यांजवळ ओढून घेतला, गाठ निरखली आणि म्हणाली, "व्हय. आता फुडची काढ."